आमच्या वेळचा बर्फ

४ मार्च

धाकट्या,

अक्षरावरून पत्र कुणाचं ते तुला कळलंच असेल. फाडायचं असेल तर आत्ताच फाड, कारण पुढे कामाचं लिहिलं आहे आणि अर्धवट वाचून फाडलंस तर दोघांचीही पंचाईत. पत्ता तुझ्या मुलीकडून घेतला. तिनं दिला, पण कशाला हवाय हे दोनदा विचारलं.

सतरा वर्षांनी पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असेल असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. आपला बर्फाचा कारखाना जातोय. पावसाळ्याआधी इमारत पाडायला घेणार आहेत. त्याआधी मालकांच्या नातीनं ठरवलंय की जुन्या कामगारांच्या आठवणींची एक पुस्तिका काढायची आणि आवारात छोटासा कार्यक्रम करायचा. जुने म्हणजे आम्ही पाचच उरलो. मी, मुकादम, ट्रकवाला, कारकून आणि अर्धाशेर. अर्धाशेर आहे तेवढाच आहे, म्हातारपणी माणूस खचतो म्हणतात, पण त्याच्यात खचायला जागाच नव्हती.

ही नात वही घेऊन घरी येते. हुशार आहे, नम्र आहे, पण एक खोड आहे. ती हसत नाही, लिहून घेते. समोरचा हसला की बोलणाऱ्याला कुठं थांबायचं ते कळतं. लिहून घेणाऱ्यासमोर माझा ब्रेकच लागत नाही. त्यामुळे काही गोष्टी माझ्या तोंडून गेल्या आहेत. तुला कुणी विचारलंच तर माहीत असाव्यात म्हणून कळवतो.

एक, आपला बर्फाचा ठोकळा साडेबारा फुटांचा होता आणि मी तो एका लोखंडी आकड्यानं, डाव्या हातानं, शीळ घालत ओढायचो. टाकीच्या खोलीत इतका गारठा असायचा की एकानं सकाळी काढलेली शिंक जेवणाच्या सुट्टीत पूर्ण झाली. भर उन्हाळ्यात भुशात गुंडाळून पाठवलेला ठोकळा दोन दिवसांनी उघडला तेव्हा त्याच्या कडेवर एका माणसानं दाढी केली. आणि हेही सांगितलं की आजचा बर्फ म्हणजे नुसतं घाबरलेलं पाणी. आमच्या वेळचा बर्फ ग्लासात टाकला की पाणी घाबरायचं.

हे शेवटचं मी अजूनही खरं मानतो.

तुझी वहिनी आतून म्हणाली, "भाऊजींना लिहा, खरं काय ते त्यांना ठाऊक असेल." म्हणून लिहिलं. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

दादा

२१ मार्च

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, फक्त पोस्टमनला रोज विचारत होतो.

इकडे एक भानगड झाली. नातीला मागच्या शेडमध्ये आपण ठोकळे गोठवायचो तो जुना डबा सापडला. तिनं टेप लावली. चार फूट दोन इंच. मी म्हटलं, एवढी वर्षं गंजत पडलाय, आकसला असेल. तिनं तेही लिहून घेतलं. मग मी म्हटलं, त्या काळी फूटच मोठा असायचा. तेव्हा मात्र तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मुलगी तशी वाईट नाही.

रविवारी तिनं आम्हा पाचही जणांना कारखान्यात बोलावलं होतं. छताचे पत्रे काढलेत. टाकीवरची लाकडी झाकणं एका बाजूला रचून ठेवलीत. खारं पाणी केव्हाच गेलंय, तळाला वीतभर माती आहे आणि मातीत कुणाची तरी चप्पल. आपण हिवाळ्यात पाय बधिर करून उभे राहायचो त्या जागेवर आता ऊन पडतं.

खुर्च्या मांडून बसलो आणि सुरुवात झाली. ट्रकवाल्यानं सांगितलं की बर्फ वितळायच्या आत पोचायचं म्हणून तो वळणं घेतच नसे. तो सरळ जायचा, रस्ता मागून वळत यायचा. मुकादमानं सांगितलं की त्याच्या एका हाकेनं चारही मजूर आणि शेजारच्या गिरणीतले सहा असे दहा जण कामाला लागायचे. कारकुनानं सांगितलं की त्याच्या हिशेबात आयुष्यात एकदाही चूक निघाली नाही. ही सगळ्यात मोठी थाप होती, पण आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्यात तो न बोललेला करारच आहे. मी दुसऱ्याच्या थापेला मान हलवायची, त्यानं माझ्या.

मग नातीनं मशीनमधून अमोनिया वायू सुटला त्या दिवसाचं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं. नेहमीसारखंच सांगितलं, फार वाढवलं नाही. अर्धाशेर तेवढा वेळ आपल्या बुटाच्या नाडीकडे बघत होता. सुटलेली नव्हती.

दादा

६ एप्रिल

धाकट्या,

पुस्तिकेची कच्ची पानं आली. पान अकरावर मी आहे. फोटो बरा आलाय. मथळा असा की वाचताना मलाच उठून उभं राहावंसं वाटलं. तोंडाला ओलं पोतं बांधून मी वायूत शिरलो, व्हॉल्व्हचे बारा फेरे एकट्यानं फिरवले आणि बेशुद्ध भावाला खांद्यावर टाकून बाहेर आणलं, असं सगळं आहे. मुलीनं जावयाला वाचून दाखवलं. जावयानं आपल्या ऑफिसात.

पण त्याखाली एक परिच्छेद आहे. तो मी सांगितलेला नाही. नातीला कपाटात चौकशीचा जुना कागद मिळाला आणि तिनं त्यातलं जसंच्या तसं उतरवलं. मशीनवर असलेल्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळे वायू सुटला, त्यास कामावरून कमी करण्यात आलं. आणि पुढे तुझं नाव, वडिलांच्या नावासकट.

मी ते बोललो नव्हतो, हे तुला सांगायचं होतं.

ती विचारत होती, "हे बरोबर आहे ना काका? भावाचं नाव आहे म्हणून तुम्हाला चालणार नसेल तर सांगा." मी चष्मा शोधायला आत गेलो. चष्मा डोळ्यांवरच होता. बाहेर आलो तोवर तिचा फोन आला होता आणि ती निघाली होती. तेव्हा मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

दादा

९ एप्रिल

धाकट्या,

तीन दिवस झाले, जेवण नीट जात नाही. जे लिहायचं ते लिहून टाकतो. तुला सगळं माहीत आहे. पण मी कधी माझ्या हातानं लिहिलेलं नाही.

त्या दिवशी मशीनवर पाळी माझी होती. तू डबे काढणारा, तुला मशीनमधलं एवढंच ठाऊक की दाबाचा काटा लाल रेषेच्या अलीकडे हवा. दुपारचे साडेबारा झाले होते. गेटवर गाड्या भरायला आलेले लोक जमले होते आणि त्यांनी मला हाक मारली, या, जरा ती गोष्ट सांगा. मी तुला म्हटलं, दहा मिनिटं बघ, काटा चढला तर हाक मार. तू म्हणालास, "दादा, मला यातलं काही कळत नाही." मी म्हटलं, कळायचंय काय त्यात, बघत बस.

गोष्ट मुकादम टाकीत पडल्याची होती. तो पडलाही नव्हता, पाय घसरला होता फक्त.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. तुझी हाक मला ऐकू आली. दोनदा. गोष्ट अगदी शेवटाला आली होती आणि पंधरा-वीस माणसं तोंडाकडे बघत होती. मी हात वर करून 'आलो' अशी खूण केली. भिंतीपलीकडून ती तुला दिसणार कशी? खूण केली, शेवट सांगून टाकला, माणसं हसली. ती हसत असतानाच वास आला.

मी धावलो, हे खरं आहे. दारापर्यंत पोचलो, हेही. तोंडाला पोतं बांधलं नव्हतं, रुमाल होता. आत पांढरं धुकं होतं आणि त्यात तू कुठं आहेस ते दिसत नव्हतं. मी दारातच उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग फुसफुस बंद झाली, म्हणजे तू व्हॉल्व्ह बंद केला होतास, आणि तू भिंतीला धरत माझ्या अंगावर येऊन पडलास. मी तुला खांद्यावर घेतलं ते तिथून पुढे. दारापासून नळापर्यंत. वीस पावलं.

हॉस्पिटलात तुझ्या डोळ्यांवर पट्टी होती आणि घशातून आवाज येत नव्हता. चौकशीवाले यायच्या आधी मी तुझ्याशेजारी बसलो. म्हणालो, माझ्या घरात बाळ यायचंय, राहायची खोली कारखान्याची आहे, तू एकटा आहेस, तुला दुसरं काम मिळेल. मशीन तुझ्या ताब्यात दिलं होतं का, एवढंच ते विचारतील, हो म्हणून खूण कर. तू मान हलवलीस. पुढे तुझे डोळे बरे झाले. आवाज आलाच नाही, ती कुजबुज तेवढी राहिली. त्याआधी तुझा आवाज टाकीच्या खोलीतून रस्त्यापर्यंत जायचा.

त्याबद्दल तू मला कधी एक शब्द बोलला नाहीस. माझ्या घरी येत राहिलास. माझ्या मुलीला खांद्यावर बसवून फिरवलंस. चोवीस वर्षं. मी धरून चाललो की ते मिटलं.

आणि मग तिच्या लग्नात, जेवायच्या टेबलावर, व्याह्यांनी विचारलं की तुम्ही कुठं नोकरीला होता. तू समोर बसला होतास. मला तेव्हा थांबायला हवं होतं. पण व्याही ऐकत होते, त्यांचे भाऊ ऐकत होते, आणि मी पोत्यापासून सुरुवात केली. बारा फेऱ्यांपर्यंत आलो तेव्हा तू ग्लास खाली ठेवलास, वहिनीला "येतो" म्हणालास आणि गेलास. मला वाटलं, घशाला काही झालं असेल. हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

जे केलं ते तू माफ केलं होतंस. मी त्याची गोष्ट केली, ते नाही. हे कळायला मला पान अकरा छापून यावं लागलं.

दादा

१७ एप्रिल

धाकट्या,

परवा नातीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, क्रमानं. ती शांतपणे ऐकत होती. संपल्यावर तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता चार शब्द सुनावेल, सुनावू दे.

ती म्हणाली, "काका, भावासाठी तुम्ही स्वतःवर घ्यायला निघालात. एवढं मोठं मन हल्ली कुठं बघायला मिळतं?"

मी म्हटलं, अगं मोठं मन नाही, खरंच तसं झालं. ती म्हणाली, हो काका, समजतं मला. आणि पाणी आणायला गेली.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. कारकुनाला भेटलो. तो म्हणाला, कागदावर जे आहे तेच खरं. साडेबारा फुटांचा ठोकळा लोकांनी घेतला, जेवणाच्या सुट्टीतली शिंक घेतली, रस्ता ट्रकमागून वळत आला तोही घेतला. आयुष्यात एक खरी गोष्ट सांगायला गेलो तर ती कुणाच्या घशाखाली उतरेना.

संध्याकाळी तुझ्या वहिनीला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सगळं ऐकलं, हात थांबला नाही.

"मला माहीत आहे," म्हणाली.

मी विचारलं, धाकट्यानं सांगितलं होतं का.

"भाऊजी कधीच बोलले नाहीत. पण त्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा तुमचे डोळे स्वच्छ होते. लाली नाही, पाणी नाही. हॉस्पिटलात भाऊजींचे बघितले होते मी. त्या वायूत गेलेल्या माणसाचे डोळे तसे नसतात."

एकेचाळीस वर्षं तिनं माझी ती गोष्ट पाहुण्यांसमोर ऐकली आहे. चहा देत, बिस्किटं देत. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली की ती वाट बघत होती. कधी ना कधी सांगता सांगता मलाच लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. नंतर ते वाटणंही तिनं सोडून दिलं.

पुस्तिका छापायला गेली आहे. नात म्हणते, तुझ्याकडून दोन ओळी आल्या तर ती काहीतरी करेल. मी तिला सांगितलं, त्याच्याकडून मी आता काही मागणार नाही. एकदा मागितलं तेवढं पुरे.

दादा

५ मे

धाकट्या,

काल कार्यक्रम झाला. आवारात मांडव, शंभरेक माणसं, मालकांचं सगळं घर, आमची पोरंबाळं. मला शेवटी बोलायला उभं केलं, कारण नंतर जेवण होतं आणि लोक हसून जेवायला जावेत असा बेत होता.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, अमोनिया सुटला त्या दिवशी मी मशीनवर नव्हतो, गेटवर थापा मारत होतो. लोक हसले. माझ्या बोलण्याची सुरुवात अशीच असते असं त्यांना वाटलं. मी म्हणालो, भावाची हाक ऐकू आली पण मी गेलो नाही. तेव्हाही मागून कुणीतरी हसलं. मी पुढे सांगत राहिलो आणि लोक मधूनमधून हसत राहिले, कारण पुढे काहीतरी गमतीचं येणार अशी सगळ्यांना खात्री होती. व्हॉल्व्ह त्यानं बंद केला म्हणालो. मी दारात उभा होतो म्हणालो. हसू कमी कमी होत गेलं, पण विश्वास कुणाच्या तोंडावर दिसेना. जावई मान खाली घालून बसला होता. नात एकीकडे टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

तेव्हा अर्धाशेर उभा राहिला. उभा राहिला हे मागच्यांना कळलंच नाही, म्हणून तो खुर्चीवर चढला.

"हे म्हणतात ते खरं आहे," तो म्हणाला. "मी गेटवर होतो. ती हाक मलाही ऐकू आली होती. मी हसत होतो."

एवढंच बोलला आणि उतरला. उतरायला त्याला वेळ लागला, ट्रकवाल्यानं हात दिला. नंतर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, इतकी वर्षं का गप्प राहिलास. म्हणाला, धाकट्याची जागा रिकामी झाल्यावर तुझ्याच शब्दावर मला कायम केलं होतं, आणि मला कुणी विचारलंही नाही. मग म्हणाला, माझ्या घरीही ती गोष्ट मी तुझ्यासारखीच सांगतो. नातवंडांना आवडते.

नातीनं पुस्तिका वाटायच्या थांबवल्या. तीनशे प्रती रिक्षात घालून माझ्या घरी आणल्या आणि रातोरात छापून घेतलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला. पान अकरावर चिकटवायच्या. वहिनी आणि मी आज सकाळपासून तेच करतोय. तिच्या सरळ बसतात, माझ्या तिरक्या. चिठ्ठीवर लिहिलंय की व्हॉल्व्ह धाकट्या भावानं बंद केला, पाळी थोरल्याची होती, तो जागेवर नव्हता, आणि चौकशीचा कागद चुकीचा आहे. पुढे तुझं नाव आहे, वडिलांच्या नावासकट. खाली माझी सही. मजकूर मीच करून दिला. नातीनं त्यात एकही शब्द वाढवला नाही, मीही नाही.

एक प्रत सोबत पाठवतो. चिठ्ठी वहिनीनं चिकटवलेली आहे.

जावई अजून धड बोलत नाही. मुलीनं आज तुझ्या मुलीला फोन केला. माझ्यासमोर नाही, आत जाऊन.

दादा

१४ मे

धाकट्या,

फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितो.

पलीकडून नुसती खरखर येत होती. मला वाटलं लाइन खराब आहे. मी तीनदा म्हणालो, जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा वहिनीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाली, "अहो, भाऊजी आहेत. त्यांचं मोठ्यानं एवढंच आहे."

मी तिथंच स्टुलावर बसलो. तुम्ही दोघं बोलत होतात आणि मी वहिनीच्या तोंडाकडे बघत होतो. ती हो, हो म्हणत होती, एकदा हसली, एकदा पदर डोळ्याला लावला. ठेवल्यावर तिनं सांगितलं की तू रविवारी येतोयस, दुपारच्या गाडीनं, आणि घ्यायला यायचं नाही, घर तुला सापडतं. मी विचारलं, आणखी काय म्हणाला? ती म्हणाली, ते तुम्हाला नव्हतं, मला होतं.

खोली झाडून घेतली आहे. खिडकीजवळचा पलंग तुझा. रेडिओ बंद ठेवीन, पंख्याचा फार आवाज होतो, तोही बंद ठेवीन. शेजारचे गप्पा मारायला येतात त्यांना रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं.

तुझी ती चाळीस वर्षं मी कधी ऐकलीच नाहीत. तू आलास की प्रत्येक वेळी मीच बोलायचो. पुढे कुठं कामाला लागलास, पहिल्या दिवशी या आवाजानं लोकांशी कसा बोललास, घरात मुलीला हाक कशी मारायचास, मला काही म्हणजे काही माहीत नाही. या वेळी तू सांग. वेळ लागू दे. मी मधे बोलणार नाही. ऐकू आलं नाही तर मोठ्यानं बोल म्हणणार नाही, खुर्ची पुढे ओढून घेईन.

दादा